ओळखपाळख : जवळची आणि लांबची

आजचा विषय तसा रोजचाच आहे, आपली ओळखपाळख. शहरात याला 'नेटवर्क' म्हणतात. आपल्याकडे नेटवर्क म्हटलं की मोबाइलची रेंज आठवते. ती आज बाजूला ठेवू. कोण कोणाला ओळखतं, कोण कोणाच्या अडीअडचणीला धावतं, कुठली बातमी कोणाकडून कोणाला कळते, असं माणसामाणसांत विणलेलं एक जाळं असतं. आज आपण त्या जाळ्याबद्दल बोलणार आहोत.

आधी एक काम करा. गेल्या वर्षभरात तुमच्या उपयोगाला पडलेली एक तरी बातमी आठवा. एखाद्या योजनेचे अर्ज सुरू झाले होते, कुठे कामाला बाई हवी होती, तालुक्याला डोळ्यांचं शिबिर होतं, शेळीला कुठल्या बाजारात बरा भाव मिळतो, काहीही चालेल. आठवली? आता ती बातमी तुम्हाला कोणी सांगितली ते आठवा. जावेनं? शेजारणीनं? की एसटीत बाजूला बसलेल्या, नावसुद्धा धड माहीत नसलेल्या बाईनं? उत्तर मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे जाळं नवं नाही

आपल्या आयाआज्यांचा संसार या जाळ्यावरच चालला. सावड आठवा. आज आम्ही तुझ्या वावरात खुरपायला येतो, उद्या तू आमच्या वावरात ये. पैसा एक लागत नाही, पण काम होतं. इर्जिक आठवा. एकाच्या नांगरटीला शेजारपाजारचे आपापली बैलं घेऊन यायचे आणि शेतमालकानं सगळ्यांना जेवण घालायचं. मयत झाली की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलंभाकरी येते. लग्नघरी पापडकुरडयांना अख्खी आळी जमते. याची वही कुठेच नसते, तरी कोण आलं होतं आणि कोण नव्हतं हे सगळ्यांच्या पक्कं लक्षात असतं.

या जाळ्यातून आपल्याला तीन गोष्टी मिळतात.

पहिली गोष्ट आधार. पोर तापानं फणफणलंय, घरात गडीमाणूस नाही, तेव्हा रात्री दोनला जिचं दार वाजवता येतं ती आपला आधार.

दुसरी बातमी. कुठे काय चाललंय, कुठे काय मिळतंय, कुठला कागद लागतो, हे कळणं. अर्जाची तारीख गेल्यावर कळलं तर त्याचा काय उपयोग?

तिसरा शब्द. "ही आमच्या गटातली आहे, हप्ता चुकवत नाही," असं कोणी बँकेत आपल्यासाठी सांगणं. "हिच्या हातची चटणी घ्या, चांगली असते," असं कोणी दुकानदाराला सांगणं. आपली पत दुसऱ्याच्या तोंडून पुढे जाते, तेव्हा बंद दार निदान किलकिलं तरी होतं.

आधार, बातमी आणि शब्द, या तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडून क्वचितच मिळतात. आजच्या सगळ्या बोलण्याचं मूळ इथे आहे.

बातमी लांबून येते

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाचे एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आहेत. त्यांना एक साधा प्रश्न पडला होता, की माणसांना नोकरी मिळते ती कशी? बोस्टन शहराजवळ न्यूटन नावाची वस्ती आहे. तिथल्या, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं. बऱ्याच जणांना नव्या जागेची बातमी ओळखीतून कळली होती. मग त्यांनी पुढचा प्रश्न केला, "ज्यानं सांगितलं तो माणूस त्या सुमारास तुम्हाला किती वेळा भेटायचा?"

आपल्याला वाटेल, रोज भेटणारा मित्र, भाऊ, साडू यांनीच सांगितलं असणार. पण निघालं वेगळंच. वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून कळलं, असं सांगणारे शंभरात १७ च्या आसपास होते. अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळलं असं सांगणारे निम्म्याहून जास्त. आणि वर्षातून एखाद्या वेळी, किंवा त्याहून कमी भेटणाऱ्याकडून कळलेले २८ च्या आसपास. १९७३ साली त्यांनी हे लिहिलं. लांबच्या, सैलसर ओळखीचं बळ किती असतं, हे त्यांनी त्यातून दाखवलं.

असं का होत असेल? विचार केला तर गोष्ट सोपी आहे. तुमची जाऊ, शेजारीण, गटातल्या चौघी जिथे जातात तिथेच तुम्हीही जाता. तोच बाजार, तेच दुकान, तीच गिरणी. त्यांना जे माहीत ते तुम्हालाही माहीत. त्यांची माया खूप, पण बातमी तीच ती. उलट तीन गावं पलीकडे दिलेली तुमची शाळेतली मैत्रीण वेगळ्या बाजारात जाते, वेगळ्या माणसांत उठते बसते. तिच्याकडून येणारी बातमी तुमच्या आळीत कोणाकडेच नसते.

तो अभ्यास अमेरिकेतल्या कचेरीत काम करणाऱ्या लोकांचा होता, हे खरं. आपल्या मजुरीचं, शेतीचं, घरचं गणित वेगळं आहे. अडीअडचणीत आपल्याला जवळचीच माणसं लागतात, आणि ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याला तर जास्तच लागतात. म्हणून जवळची माणसं सोडा असं कोणी म्हणत नाही. तीच धरून ठेवायची, आणि त्यांच्याबरोबर एखादा धागा बाहेर टाकायचा.

आता मघाचं उत्तर आठवा. तुमची ती बातमी जवळून आली होती की लांबून?

सात जणी आणि बाहेरची दोन माणसं

लिज्जत पापडाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात गुजराती गृहिणी गच्चीवर पापड लाटायला बसल्या. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना पुढे २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. एकीचं बळ म्हणून ही गोष्ट आपण नेहमी सांगतो, आणि ते बरोबरच आहे. शेजारणींचा एकमेकींवर भरवसा नसता तर सुरुवातच झाली नसती.

पण आज त्या गोष्टीकडे जरा वेगळ्या बाजूनं पाहा. भांडवलाला लागले ८० रुपये. ते या सात जणींकडे नव्हते. छगनलाल पारेख नावाच्या समाजसेवकाकडून ते उसने घेतले. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं विकायला घेतली. म्हणजे कष्ट आणि भरवसा आतला, सात जणींचा. पैसा आणि बाजार मात्र बाहेरच्या दोन ओळखींतून आला. ते दोन धागे नसते तर चार पाकिटं आपापल्या घरीच तळून संपली असती. आणि सात जणी नसत्या, तर ते ८० रुपये घेऊन करायचं तरी काय होतं? दोन्ही होतं म्हणून गाडं पुढे सरकलं. आज हजारो बायका त्या कामात आहेत.

आपल्या किती गटांचे पापड, मसाले, लोणची गावातच अडून राहतात! माल चांगला असतो, हातही चांगले असतात. बाहेरचा धागा तेवढा कमी पडतो.

बाईचा धागा तुटतो कुठे?

गडीमाणसाची ओळखपाळख लहानपणापासून त्याच गावात वाढत जाते. शाळेतले सवंगडी, पारावरची बैठक, चहाची टपरी, सोसायटी, दूध डेअरी, आठवडी बाजार. चाळिशीपर्यंत त्याला पंचक्रोशीत नावानिशी ओळखणारी शेकडो माणसं होतात.

बाईचं तसं नसतं. वीस वर्षं माहेरात जोडलेली सगळी माणसं लग्नाच्या एका दिवसात मागे राहतात. सासरी ती 'अमक्याची सून' आणि 'तमक्याची आई' म्हणून ओळखली जाते. तिचं स्वतःचं नाव गावाला कळायला कधी कधी बचत गटाच्या हजेरीची वाट पाहावी लागते. पूर्वी पाणवठ्यावर, नदीवर धुणं धुताना चार बायका भेटायच्या. घरोघरी नळ आला, कमरेवरचा हंडा उतरला, ते फार चांगलं झालं. पण त्याबरोबर भेटण्याची एक जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी जागा कोणी केली नाही.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २०१८ साली तरुण, लेकुरवाळ्या बायकांचा एक अभ्यास झाला. नवरा आणि सासू सोडून, स्वतःच्या मनातलं ज्यांच्याशी बोलता येतं अशी माणसं किती, असं त्यांना विचारलं. दर शंभरांतल्या ३६ बायकांना त्या जिल्ह्यात असं एकही माणूस नव्हतं. ज्या सुना सासूबरोबर राहत होत्या त्यांना घराबाहेरच्या मैत्रिणी आणखी कमी होत्या. आणि ज्यांना बाहेर मैत्रिणी कमी, त्यांचं कुटुंब नियोजनाच्या दवाखान्यात जाणंही कमी होतं.

हे ऐकून सासूला दोष देऊन मोकळं होऊ नका. सासूही कधीकाळी तशीच एकटी सून होती. तिला जे जमू दिलं नाही, ते सुनेला जमू द्यावं हे तिला शिकवलं कोणी? पण मैत्रीण नसणं हा नुसता मनाचा, करमण्याचा प्रश्न नाही, एवढं यातून घ्या. दवाखान्यापर्यंत पाऊल उचलतं की नाही, तेही त्यावर ठरतं.

एकटीनं जाणं आणि दोघींनी जाणं

अहमदाबादला सेवा बँक आहे, १९७४ साली कष्टकरी बायकांनी उभी केलेली. तिथल्या बायकांना धंद्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन संशोधकांनी एक प्रयोग केला. काही जणींना एकटीला बोलावलं. काही जणींना सांगितलं, "येताना एक मैत्रीण घेऊन या." कोणाला कसं बोलवायचं हे चिठ्ठी काढावी तसं ठरवलं होतं, म्हणजे निवडीत डावंउजवं नको.

प्रशिक्षण तेच, शिकवणारे तेच. चार महिन्यांनी पाहिलं तर मैत्रिणीबरोबर आलेल्या बायकांनी धंद्यासाठी कर्ज जास्त घेतलं होतं, त्यांचं कामही वाढलं होतं आणि घरातली कमाईसुद्धा. ज्या समाजांत बायकांच्या बाहेर जाण्यायेण्यावर जास्त बंधनं आहेत, तिथल्या बायकांना याचा फायदा जास्त झाला. एकट्या आलेल्या बायकांत मात्र फारसा फरक दिसला नाही.

यातलं मर्म तुम्हाला आमच्याकडून शिकायला नको. प्रशिक्षणाहून एकटी परतलेली बाई दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसते आणि ऐकलेलं हळूहळू विसरते. दोघी गेल्या असतील तर एक दुसरीला टोकते, "काय गं, बँकेत कधी जायचं?" घरी परवानगी मागतानाही "ती येतेय बरोबर" या तीन शब्दांना वजन असतं. तेव्हा पुढच्या वेळी गटाला प्रशिक्षणाचा निरोप आला तर एकीला पाठवू नका, दोघींना पाठवा. एकीच्याच एसटी भाड्याची सोय असेल तर दुसरीचं भाडं गटानं काढावं. तो खर्च वाया जात नाही.

बातमी कोणाच्या हाती द्यायची?

गावात निरोप पोचवायचा असला की आपण सरपंचाला, पाटलाला, नाहीतर गुरुजींना सांगतो. मान त्यांचा, म्हणून निरोपही त्यांनाच. कर्नाटकातल्या २१३ गावांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. एक छोटी सोडत होती, मिस कॉल द्या आणि नाव नोंदवा. ही बातमी काही गावांत मानाच्या माणसांना सांगितली, काही गावांत अशाच कोणाही माणसांना. आणि काही गावांत आधी लोकांनाच विचारलं, "तुमच्या गावात एखादी गोष्ट सगळीकडे पसरवायची असेल तर कोणाला सांगावं?" लोकांनी जी नावं घेतली त्यांच्या हाती बातमी दिली.

बातमी सगळ्यात जास्त पसरली ती या लोकांनी सांगितलेल्या नावांमुळे. पुढे हरियाणात लहान मुलांच्या लसीकरणाचे निरोपही अशाच माणसांमार्फत दिले, तर मुलं लसीला आणण्याचं प्रमाण वाढलं.

प्रत्येक आळीत अशी एक बाई असते. 'हिच्या तोंडात तीळ भिजत नाही' म्हणून आपण तिला नावं ठेवतो. पण कुठल्या घरी काय चाललंय, कोणाला काय हवंय, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. शिबिराची तारीख, लसीचा दिवस, रेशनचा निरोप तिच्या कानावर घाला. संध्याकाळपर्यंत गावभर होईल. अर्थात एखादीच्या घरातली नाजूक गोष्ट तिच्यापाशी बोलू नका. कोणतं काम कोणाकडे द्यायचं एवढं कळलं म्हणजे झालं.

हेच जाळं अडकवतंही

जाळं म्हटलं की त्यात माणूस अडकतोही. तेही बोललं पाहिजे.

एक म्हणजे सगळी ओळख एकाच माणसातून जाते तेव्हा. मराठवाड्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींना हे सांगायला नको. काम मुकादमामार्फत, उचल मुकादमाकडून, कारखान्याशी बोलणार तोच, अडचणीला पैसे देणार तोच. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, आणि तो कोयता एका माणसाच्या वहीत बांधलेला असतो. हिशेब पटला नाही तर विचारायचं कोणाला? दुसरं दारच नसतं. ज्याच्या हाती आपला एकुलता एक धागा असतो, तो म्हणेल ते ऐकावं लागतं. मग तो मुकादम असो, सावकार असो, की गटाची एखादी पुढारीण असो.

दुसरं, जाळं कधी कधी आपल्याला जुन्याच जागी धरून ठेवतं. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झवाइग या अभ्यासकांनी मुंबईत दादरच्या शाळांचा अभ्यास केला. तो २००६ साली छापून आला. मुंबईतल्या कामगारांना कारखान्यातलं काम जातभाईंच्या, गाववाल्यांच्या ओळखीनं मिळायचं. १९९० नंतर शहरातली कामं बदलली, इंग्रजी येणाऱ्यांना जास्त पगार मिळू लागला. तरी कामगार जातींतली मुलं मोठ्या प्रमाणात मराठी माध्यमातच जात राहिली. बापाची, काकाची ओळख होती, त्या वाटेनं काम मिळेल असा भरवसा होता. मुलींना त्या ओळखीचा काहीच उपयोग नव्हता, कारण ती कामं पुरुषांचीच. म्हणून मुली इंग्रजी शाळांकडे जास्त वेगानं वळल्या. मराठी शाळा वाईट असा याचा अर्थ घेऊ नका. तयार वाट असली की माणूस दुसरीकडे पाहत नाही, एवढंच यातून दिसतं.

तिसरं, फसवणूकही ओळखीतूनच येते. दामदुप्पट देणारी योजना अनोळखी माणूस विकत नाही. ती नणंदेच्या ओळखीची बाई विकते, भावकीतला मुलगा विकतो. त्यांचीही आधी फसवणूक झालेली असते. ओळख पाहून माणसाला घरात घ्या, पण पैसे देताना कागद पाहा, पावती घ्या आणि गटाच्या बैठकीत चार जणींना विचारा.

चौथी गोष्ट सगळ्यात जड आहे. जाळ्याबाहेर कोण राहिलं? आपली ओळख बहुतेक आपल्याच भावकीत, आपल्याच आळीत फिरते. वस्तीवरच्या, पालावरच्या, टाकलेल्या, एकट्या बाईपर्यंत ती जात नाही. आणि विधवा बाईचं काय? संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे बायकांनी बायकांना भेटण्याचा हक्काचा दिवस. नेमकं तिथेच तिला बोलावत नाहीत. नवरा गेला, त्याच्याबरोबर त्याची ओळख गेली, आणि त्याच वेळी बायकांची ओळखही गावानं काढून घेतली. जिला आधार, बातमी आणि शब्द सगळ्यात जास्त हवे, तिचेच धागे आपण आपल्या हातानं कापतो. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक राज्य सरकारनं काढलं. ठराव कागदावर होतो. हळदीकुंकवाला बोलावणं आपल्याच हातात असतं.

आपल्या गटाचा नकाशा

आता करायचं काय? आम्ही गटांच्या बैठकीत एक खेळ घेतो. तुम्हीही घ्या. खर्च नाही.

जमिनीवर रांगोळीनं एक मोठं गोल काढा. ते आपलं गाव. मधोमध स्वतःसाठी एक खडा ठेवा. मग ज्वारीचे दाणे, चिंचोके आणि हरभरे घ्या. अडचणीला धावून येणाऱ्या प्रत्येक माणसासाठी एक ज्वारीचा दाणा ठेवा. बातमी देणाऱ्यासाठी चिंचोका. आपल्यासाठी कुठे शब्द टाकू शकेल अशा माणसासाठी हरभरा. माणूस गावातलं असेल तर गोलाच्या आत, गावाबाहेरचं असेल तर गोलाच्या बाहेर. लिहितावाचता येत नसलं तरी चालतं.

बहुतेकींच्या गोलात ज्वारी भरपूर दिसते. चिंचोके थोडे, आणि तेही आतच. हरभरे एखाददुसरे. गटातल्या सगळ्यांचे नकाशे शेजारीशेजारी पाहिले की आणखी दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, सगळ्यांचा हरभरा म्हणजे एकच बाई, गटाची अध्यक्ष नाहीतर आशाताई. ती आजारी पडली की अख्ख्या गटाचं दार बंद. दोन, एखादी अशी असते जिचं नाव कोणाच्याच नकाशात येत नाही. हे दिसल्यावर गप्प बसू नका. पुढच्या आठवड्यात दोघी जणी तिच्या घरी जा.

मग धागे वाढवायला लागा. काही सोपे उपाय सांगतो.

ग्रामसंघाच्या, प्रभागसंघाच्या बैठकीला दर वेळी अध्यक्ष आणि सचिवच जातात. 'उमेद' मधला गट असो, की 'माविम'च्या लोकसंचालित साधन केंद्राशी जोडलेला असो, बाहेरच्या बायका भेटतात त्या अशाच बैठकांत. म्हणून पाळी लावा. अध्यक्षाबरोबर दर वेळी एक नवी बाई जाऊ द्या. तिनं तिथे काही बोलायलाच हवं असं नाही. दोन नवी नावं आणि दोन फोन नंबर घेऊन यावं, एवढं पुरे.

दर बैठकीत बचत गोळा झाल्यावर दहा मिनिटं 'बातमीची' ठेवा. प्रत्येकीनं या महिन्यात बाहेर ऐकलेली एक गोष्ट सांगायची. माहेराहून आलेली, दवाखान्यात ऐकलेली, बाजारातली, कुठलीही.

प्रदर्शनाला, महालक्ष्मी सरसला, तालुक्याच्या मेळाव्याला गेलात तर माल विकून लगेच परतू नका. शेजारच्या स्टॉलवरच्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या बायकांशी बोला. पाकिटं कुठून आणतात, अन्न परवाना कसा काढला, माल कोण उचलतं, विचारा. बाई बाईला सहसा सांगते.

माहेरच्या मैत्रिणींचे नंबर शोधा. त्या तुमच्या हक्काच्या लांबच्या ओळखी आहेत. वर्षातून दोनदा फोन करा, आणि काम नसताना करा. नुसतं मागण्यापुरतं ज्याला आठवतो तो माणूस पुढे फोन उचलत नाही. आणि कोणी सांगितलेल्या बातमीनं आपलं काम झालं तर "तुमच्यामुळे झालं हो," एवढा निरोप परत पोचवा. धागा त्यानं पक्का होतो.

व्हॉट्सॲपचे ग्रुप आहेतच. पण तेच फुलांचे फोटो आणि तोच सुविचार दहा ठिकाणांहून आला म्हणजे ओळख वाढली असं होत नाही. फोनवर नाव असणं वेगळं, आणि नाव सांगितल्यावर पलीकडून "बोल गं" येणं वेगळं.

शेवटी, नवी सून गावात आली की तिला पहिल्या वर्षातच गटाच्या बैठकीला आणा. सासूलाही सांगा, "घेऊन या, आम्ही आहोत." जौनपूरच्या त्या ३६ जणींसारखी आपल्या गावात कोणी राहू नये, एवढं तर आपल्या हातात आहे.

पुढच्या बैठकीत बोलण्यासाठी

१. गेल्या वर्षी गटाला उपयोगी पडलेल्या तीन बातम्या कोणत्या? त्या कोणाकडून आल्या?

२. गटाचं बाहेरचं सगळं काम एकाच बाईच्या ओळखीवर चालतं का? तिच्या जोडीला कोण तयार होईल?

३. आपल्या गावात कोणाच्याच नकाशात नसलेली बाई कोण? तिच्याकडे कोण जाणार आणि कधी?

४. येत्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं कोणाकोणाला द्यायचं?

तुमच्या गटानं नकाशा काढला तर काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी त्यातल्याच गोष्टी घेऊन बोलू. तोवर नमस्कार.